'क्वॉरल' : भांडण की तक्रार?

घाटमाथा (खानापूर) | धागाकर्ता

अमेरिकन मुष्टियोद्धा मुहम्मद अली, व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायची वेळ आली तेव्हा, १९६६ साली म्हणाला होता, व्हिएतकाँगशी (तिथल्या शत्रूपक्षाच्या लढवय्यांशी) माझं काही 'क्वॉरल' नाही. मराठीत हे वाक्य बहुतेक वेळा 'माझं त्यांच्याशी भांडण नाही' असं वाचायला मिळतं. चालून जातं, पण नेम हुकतो. अलीला म्हणायचं होतं की त्या लोकांनी माझं काही वाकडं केलेलं नाही, त्यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही, मग मी बंदूक कशाला उचलू? भांडायला दोघं लागतात. ह्या क्वॉरलला एकटा माणूसही पुरतो.

आणि हाच अर्थ जुना आहे. लॅटिनमध्ये 'क्वेरी' म्हणजे गाऱ्हाणं करणे, हळहळणे. त्यावरून 'क्वेरेला', म्हणजे गाऱ्हाणं. फ्रेंचमार्गे हा शब्द चौदाव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा त्याचा मुख्य वावर कोर्टकचेरीत होता: फिर्याद, फिर्यादीला असलेलं कारण. हमरीतुमरीचा अर्थ नीट ठसला तो सोळाव्या शतकात. सतत कुरकुरणाऱ्या माणसाला इंग्रजीत 'क्वेरुलस' म्हणतात, तो भाऊ मात्र मूळ अर्थ धरून बसला.

गंमत अशी की आपल्याकडे हेच झालंय. कज्जा हा अरबीत न्यायालयापुढचा खटला, दावा म्हणजे हक्क सांगणं, हुज्जत म्हणजे पुरावा. तिन्ही शब्द फारसी कचेऱ्यांतून मराठीत आले आणि झालं काय? कज्जेदलाल म्हणजे भांडणं लावत हिंडणारा, दावा म्हणजे पिढीजात वैर, आणि हुज्जत तर आपण रिक्षावाल्याशी घालतो. लॅटिन आणि अरबी, एकमेकींशी नातं नसलेल्या दोन भाषा, दोन वेगळे दरबार, आणि घसरण एकाच बाजूला. शब्द कचेरीची पायरी उतरला की हमखास हाणामारीत सापडतो असं माझं मत झालंय.

पोरांना शिकवताना उपयोग होईल म्हणून विचारतोय. तुमच्या भागातले भांडणाचे शब्द टाका, कन्नडातलेही टाका. फक्त सीमेवरचं राजकारण नको, मागच्या वेळी त्यापायी चांगला धागा बंद पडला.

---

वकिलीणबाई (बेळगाव)

सर, मुद्दा पटला. पुरवणी जोडते.

इंग्लंडच्या जुन्या कायद्यात 'ऑडिटा क्वेरेला' नावाचा एक रिट होता. अर्थ सरळ: 'गाऱ्हाणं ऐकल्यावर'. निकाल विरुद्ध गेला, पण मधल्या काळात तुम्ही पैसे चुकते केले आहेत आणि समोरचा तरीही वसुलीला आलाय, तर हा रिट कामाला यायचा. तिथं क्वेरेलाचा मारामारीशी काडीचा संबंध नाही.

त्याच्याही मागे रोमन कायद्यात एक क्वेरेला होता तो तर आपल्या भावकीला शोभेल असा. बापाने मृत्युपत्रात पोराला विनाकारण डावललं, तर पोराने न्यायालयात जाऊन 'हे मृत्युपत्र बापाच्या कर्तव्याला धरून नाही' असं गाऱ्हाणं मांडायचं. मृत्युपत्र नसतं तर जेवढा वाटा मिळाला असता त्याच्या निदान एक चतुर्थांश तरी मिळालेला असला की मग हे गाऱ्हाणं चालत नसे. दोन हजार वर्षांपूर्वीचा बाप आणि पोरगा, पण फाइल उघडली तर वाटेल परवाची आहे.

आमच्या कचेऱ्यांत रोज दिसणारा शब्द म्हणजे 'तकरार'. वारसा नोंदीची नोटीस निघाली की बहीण येऊन तकरार अर्ज देते. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात, दोन्हीकडे मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क १९९४ साली राज्याच्या दुरुस्तीने आला, केंद्राने २००५ मध्ये केलं. तरी भाऊ अजून म्हणतो, 'अक्कानं भांडण काढलं.' अक्काने भांडण काढलेलं नसतं, अक्काने तकरार दिलेली असते. घाटमाथा सरांचा सगळा धागा या एका वाक्यात बसतो बघा.

---

तंबाखूचं_पान (निपाणी)

म्हणजे कॉम्प्युटरवाली क्वेरी आणि ही क्वेरी एकच काय? आणि डिक्शनरीत क्वॉरलचा दुसरा अर्थ 'बाण' दिलाय. तो कुठनं आला मधीच? आमच्याकडं क्वारी म्हंजे खडीची खाण, डंपर भरून जातात रोज. तीबी ह्यातलीच असंल तर मग मी हात टेकलो.

---

घाटमाथा

पहिलं नाही. विचारायची क्वेरी ही लॅटिनच्या 'क्वाएरेरे' म्हणजे शोधणे, विचारणे ह्या धातूची. 'क्वेश्चन', 'क्वेस्ट' ही तिची भावंडं. उच्चार जवळ आले इतकंच.

बाणाचं उत्तर जास्त मजेदार. जुन्या काळी चापाला बसवून सोडायचा एक आखूड जाड बाण असे, त्याचं टोक चौकोनी. 'क्वाड्रस' म्हणजे चौकोनी, त्यावरून त्या बाणाचं नाव पडलं क्वॉरल. भांडणाच्या क्वॉरलशी रक्ताचं नातं नाही, इंग्रजीत आल्यावर दोघांचं स्पेलिंग एक झालं.

आणि तुमची खडीची क्वारी ही त्या बाणाची बहीण! दगड चौकोनी घडवून काढायची जागा, म्हणून क्वारी. तेव्हा हात टेकायची गरज नाही, तुमच्या डंपरचं नातं बाणाशी लागतं. शिकाऱ्याच्या सावजालाही इंग्रजीत क्वारी म्हणतात, पण ती आणखी तिसरी. ती कातड्यावरून आलीय, शिकार झाल्यावर कुत्र्यांचा वाटा कातड्यावर ठेवून द्यायचे त्यावरून.

---

करदंट (गोकाक)

माझी घरची भाषा कन्नड, शाळेत मराठी शेजारी होते म्हणून लिहिता येतं. चूक झाली तर समजून घ्या.

आमच्याकडे 'तकरारु' म्हणतात. अर्थ हरकत, आक्षेप. 'नन्दु एनु तकरारु इल्ल' म्हणजे माझी काही हरकत नाही. म्हणजे अलीचं वाक्य कन्नडमध्ये एकदम बरोबर बसतं. हिंदीवाले तकरार म्हणतात ते नवराबायकोच्या भांडणाला. मराठीत तक्रार म्हणजे कंप्लेंट. एकच शब्द, तीन घरी तीन स्वभाव.

आमचा साधा भांडणाचा शब्द 'जगळ'. कोर्टातल्याला 'व्याज्य'. आंदोलनाला 'होराट', तुमच्या लढ्यासारखा. आणि 'तंटे' आहे. 'अवन तंटेगे होगबेड', त्याच्या वाटेला जाऊ नको. तंटा करणारा तो 'तंटेकोर'. मराठीत तंटेखोर म्हणता ना? मी लहानपणी समजायचो की हा आमचाच शब्द तुम्ही नेला. माझा मराठी दोस्त समजायचा उलटं. त्यावरून आमचा जगळ व्हायचा.

---

मांडे_आणि_कुंदा (शहापूर)

व्याज्य लागलं की व्याजही लागतं, हे आमच्या मामाला विचारा.

---

तंबाखूचं_पान

@करदंट अण्णा, लई भारी. हद्द ओलांडून महाराष्ट्रात चंदगडाकडं गेलं की गावाच्या तोंडाला 'तंटामुक्त गाव' असा फलक दिसतो. महाराष्ट्र सरकारची २००७ ची योजना. आमच्या गावाला ती लागू न्हाई, कारण आम्ही अलीकडं. तवा आम्ही तंटा करायला मोकळे.

---

जुनं_दफ्तर (बेळगाव)

तक्रारीच्या मुळाबद्दल थोडं. अरबीत तकरार म्हणजे पुनरावृत्ती, तीच गोष्ट पुन्हा पुन्हा करणं. 'तेच ते बोलत राहणं' यातून वादाचा अर्थ फारसीत आणि उर्दूत आला. गाऱ्हाणं सांगणारा एकदा सांगून थांबत नाही, त्यामुळे मराठीत तो गाऱ्हाण्यावर येऊन स्थिरावला यात आश्चर्य नाही.

पण एक गल्लत टाळावी. मराठेशाहीच्या कागदांत 'तकरीर' असा शब्द सारखा भेटतो. तो वेगळा, तकरारीचा काही लागत नाही. वतनाचा वाद उभा राहिला की वादी-प्रतिवादी आपापलं म्हणणं लिहून देत, ती तकरीर. मग गोत, म्हणजे निवाडा करणारी गावकऱ्यांची सभा, बसे, साक्षीपुरावे होत, आणि निर्णयाचा महजर तयार होई. हरलेल्याकडून 'यजितखत' लिहून घेत: मी खोटा पडलो, पुन्हा हा कज्जा काढणार नाही. ही पद्धत मला फार शहाणपणाची वाटते. जिंकलेल्याला निवाडपत्र मिळतं त्यापेक्षा हरलेल्याच्या हातचा कागद जास्त कामाचा, कारण पुढच्या पिढीला तोंड वर काढायला जागा उरत नाही. निदान तशी अपेक्षा. प्रत्यक्षात नातू पुन्हा भांडायला येतच.

यातला महजर आपल्याकडे जिवंत आहे हे किती जणांनी पाहिलंय? महाराष्ट्रातले पोलिस पंचनामा करतात. कर्नाटकाच्या पोलिस कागदात तोच महजर असतो. अपघात झाला की हवालदार 'स्पॉट महजर' लिहितो. शिवकाळातला शब्द पुण्याच्या चौकीत नाही, आमच्या मार्केट भागात आहे.

दाव्याबद्दल धागाकर्त्यांशी सहमत. जुन्या मराठीत दावेदार म्हणजे सरळ शत्रू. आज क्रिकेटच्या बातमीत 'विजेतेपदाचे दावेदार' वाचताना माझ्या डोळ्यापुढे तलवार घेतलेला माणूस येतो.

---

अथणीचा_बेदाणा

मला सरांचा सिद्धांत एवढा सरळ वाटत नाही. कचेरीतून भांडणात, हे क्वॉरलला लागू. पण 'डिस्प्यूट' घ्या की.

लॅटिनच्या 'पुतारे'चा एक जुना अर्थ आहे छाटणं, साफ करणं. द्राक्षवेल छाटणाऱ्याला ते 'पुतातोर' म्हणत. आमच्याकडं एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात गोडी छाटणी. कात्री घेऊन माणूस वेलापुढं उभा राहतो तेव्हा तो मनात हिशेब करत असतो: ही काडी ठेवायची, ही काढायची, डोळे किती राखायचे. ज्याला हा हिशेब जमत नाही त्याला बागेत कुणी कात्री देत नाही. तर 'पुतारे'चा अर्थ छाटणं, मग हिशेब लावणं, मग विचार करणं असा वाढत गेला. कॉम्प्युट त्यातलाच, अँप्युटेट त्यातलाच. डिस्प्यूट म्हणजे मुळात एकेक बाब वेगळी करून तोलणं, चर्चा करणं. भांडण नंतर.

म्हणजे हा शब्द कचेरीतून आला नाही, मळ्यातून आला. आणि प्रवास उलटा: आज तो कोर्टात जाऊन बसलाय. राज्याराज्यांतला वाद थेट सुप्रीम कोर्टात न्यायची सोय ज्या कलमात आहे त्या १३१ व्या कलमात इंग्रजी शब्द हाच, डिस्प्यूट. बेळगाव सीमाप्रश्नाचा २००४ चा महाराष्ट्राचा दावा त्याच कलमाखाली. मग सिद्धांताचं काय करायचं सर?

---

घाटमाथा

बेदाणासाहेब, छाटणी आवडली. पण तुमच्या शब्दातही शेवट भांडणातच झाला ना? मधे कोर्ट लागलं की पुढे, एवढाच फरक. मी कचेरी म्हणालो, त्याऐवजी 'शांतपणे बसून करायचं काम' म्हणू. हिशेब, पुरावा, अर्ज, हक्क. सगळी बसून करायची कामं. उभं राहिलं की भांडण.

---

अथणीचा_बेदाणा

छाटणी उभं राहूनच करतात.

---

वकिलीणबाई

😄 सर, ऑब्जेक्शन सस्टेन्ड.

---

मांडे_आणि_कुंदा

मला एक सांगा, इंग्रजी पेपरात 'बेळगावी बॉर्डर रो' असं छापतात. रो म्हणजे तर ओळ. बॉर्डरवर कसली ओळ? नोव्हेंबर आला की दरवर्षी हा प्रश्न पडतो.

---

वकिलीणबाई

तो 'राउ' वाचायचा, 'काउ'शी यमक जुळवून. अर्थ गोंगाटाचं भांडण. स्पेलिंग ओळीचंच, शब्द वेगळा. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छापील सापडतो, आणि मूळ कुणालाच पक्कं ठाऊक नाही. पेपरवाल्यांना आवडतो कारण तीन अक्षरांत मथळा बसतो. डिस्प्यूटला सात लागतात. आपल्या सत्तर वर्षांच्या प्रश्नाला इंग्रजी पेपरने जागेअभावी कल्ला करून टाकलंय.

---

कॅम्पातला_हवालदार (निवृत्त)

नमस्कार. मराठा लाईट इन्फंट्रीत होतो, आता इथेच बेळगावात स्थायिक. तुम्ही शब्दांची चर्चा करताय तर एक पलटणीतली गोष्ट. आम्हाला 'बॅटल ऑनर' मिळतो. 'वॉर ऑनर' असं काही नसतं. वॉर हे देश करतो, बॅटल हे पलटण करते. १९१८ मध्ये मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, शरकतला जी लढाई झाली ती बॅटल. पहिलं महायुद्ध ते वॉर. भरतीत आलेल्या पोराला हा फरक पहिल्यांदा समजत नाही, नंतर आयुष्यभर विसरत नाही.

वॉर हा शब्द कुठून आला ते कुणी सांगेल काय?

---

जुनं_दफ्तर

हवालदारसाहेब, जय हिंद. सांगतो, कारण हा सगळ्यांत नवलाचा आहे.

बॅटल सोपा. लॅटिन 'बातुएरे', म्हणजे बडवणं. बटालियन, तोफखान्याची बॅटरी, क्रिकेटची फलंदाजी नव्हे पण डोशाचं बॅटर, हे सगळे त्या बडवण्यातून.

वॉर मात्र बडवण्यातून आलेला नाही. जुन्या जर्मनिक 'वेर्रा' या शब्दापासून तो आला आणि त्याचा अर्थ होता गोंधळ, विसकटलेली अवस्था. आजच्या जर्मनमध्ये 'फेरविरेन' म्हणजे गोंधळून टाकणं, तो त्याच कुळातला. म्हणजे ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी युद्धाला शौर्याचं नाव दिलं नाही, गोंधळ म्हटलं. (आपला गोंधळ वेगळा, सौंदत्तीच्या यल्लम्मापुढे घालतात तो.) गंमत म्हणजे इंग्लंडात आधी लढाईला शब्दांचा तोटा नव्हता. जुन्या इंग्रजीत विग, गुथ, हिल्ड असे कितीतरी होते. हिल्डा नावाच्या बाईच्या नावात तो हिल्ड अजून आहे. नॉर्मन आले आणि त्यांच्या फ्रेंचमधून हा वॉर आला, बाकीचे विरून गेले.

आणि फ्रेंचांनी तरी परका शब्द का घेतला? लॅटिनचा 'बेल्लुम' होता की. एक स्पष्टीकरण असं देतात की 'बेल्लुस' म्हणजे सुंदर, आणि बोलताना दोन्ही सारखे ऐकू येऊ लागले. युद्ध की सुंदर, कळेना. तेव्हा जर्मनिक शब्द जवळ केला.

---

मांडे_आणि_कुंदा

बेल्लुम आणि बेळगाव?? आता कळलं सगळं.

---

जुनं_दफ्तर

नाही हो. बेळगावचं जुनं नाव वेणुग्राम, बांबूंचं गाव. रट्ट राजांच्या काळातल्या शिलालेखांत आहे. लॅटिनला त्रास देऊ नका.

---

करदंट

सर, फ्रेंचमध्ये युद्धाला 'गेर' म्हणतात ना? व चा ग कसा झाला?

---

जुनं_दफ्तर

चांगला प्रश्न. जर्मनिक भाषेतला सुरुवातीचा व मध्य फ्रान्सच्या बोलीत 'गु' झाला, उत्तरेत नॉर्मनांकडे व राहिला. इंग्रजीने उत्तरेकडून घेतला म्हणून वॉर. स्पॅनिशमध्ये तो 'गेर्रा', आणि छोटी गेर्रा म्हणजे 'गेरिया', जिला आपण गुरिल्ला म्हणतो. नेपोलियनच्या फौजांना स्पेनमध्ये त्या छोट्या लढायांनी जेरीस आणलं तेव्हा तो शब्द इंग्रजीत गेला. गनिमी काव्याचा इंग्रजी प्रतिशब्द म्हणून आपण तो वापरतो खरा, पण वॉरचाच तो धाकटा.

इंग्रजीने काही शब्द दोन्ही दारांतून घेतले. वॉर्ड आणि गार्ड हे एकच. आणि वॉरंटी-गॅरंटी हेही एकच.

---

तंबाखूचं_पान

हे कसं काय? परवाच मिक्सर घेतला, दुकानदार म्हणाला वॉरंटी हाय, गॅरंटी न्हाई. शब्द एकच असंल तर दोन्ही द्यायला पायजेत की! जाऊन क्वॉरल करून येतो.

---

वकिलीणबाई

करा. बिल घेऊन जा, नाहीतर ती नुसती हुज्जत होईल. मूळ अर्थाची हुज्जत पाहिजे असेल तर पुरावा लागतो.

---

मलप्रभेकाठचा (खानापूर)

'रायव्हल' कुणी कसा नाही काढला? प्रतिस्पर्धी. तो रिव्हरवरून आलाय. एका नदीचं पाणी वापरणारे दोघे म्हणजे रायव्हल. आमच्या कणकुंबीला हे सांगायला लॅटिनची गरज नाही.

---

घाटमाथा

अर्थ अगदी बरोबर, फक्त रिव्हर त्यात नाही. लॅटिन 'रिवुस' म्हणजे ओढा, पाट. 'रिवालिस' म्हणजे एकाच पाटाचं पाणी घेणारा शेजारी. रोमन कायद्याच्या ग्रंथात तो शब्द ह्याच अर्थाने आलाय, पाटकऱ्यांच्या वादात. रिव्हर मात्र 'रिपा' म्हणजे काठ, तीर यावरून. अराइव्ह तिचीच, मुळात 'काठाला लागणे'. आणि आपण इथे ज्याच्या नादी लागलोय ते डेरिव्हेशन पुन्हा त्या रिवुसचं: पाटातून पाणी वळवून घेणं.

कणकुंबीचं म्हणाल तर नकाशा काढून पोरांना दाखवण्यासारखी जागा आहे. तिथल्या मंदिराजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला कृष्णेकडे जाते. तिथूनच जवळ कळसा नाला, तो म्हादई नदीला मिळून गोव्याकडे पश्चिमेला. एका पावसाचं पाणी, मधे उंचवटा, दोन समुद्र. कळशाचं पाणी मलप्रभेत वळवायचं की नाही यावर लवाद बसला २०१० साली, निवाडा आला २०१८ च्या ऑगस्टमध्ये, कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी. तरी प्रकरण मिटलेलं नाही. रायव्हल आणि डेरिव्हेशन हे दोन्ही शब्द मूळ अर्थाने एकाच ठिकाणी बघायचे असतील तर रोमला जायला नको, जांबोटीवरून चोर्ल्याची एसटी पकडा.

---

मलप्रभेकाठचा

सर, पाणी वळवलं तर आमच्या जंगलाचं काय होणार ते पण कुणीतरी लिहा. भीमगडचं अभयारण्य तिथंच आहे. हुबळी-धारवाडला पाणी पाहिजे हे मान्य, पण

---

व्यवस्थापक

इथे थांबूया. पाणीप्रश्नासाठी वेगळा विभाग आहे, तिथे जरूर लिहा. हा धागा शब्दांचा आहे आणि चांगला चाललाय.

---

जुनं_दफ्तर

व्यवस्थापकांचा मान राखून, शब्दांपुरतंच. आपल्या प्रश्नाला कोण काय म्हणतो बघा. मुंबईतलं सरकार 'सीमाप्रश्न' म्हणतं. प्रश्न म्हटलं की उत्तर असतं, निदान असायला हवं. आमचे वडीलधारे 'सीमालढा' म्हणतात. त्यात माणसं आहेत, १७ जानेवारी १९५६ चे हुतात्मे आहेत. पेपरवाले 'सीमावाद' लिहितात, तो त्यातल्या त्यात तटस्थ. 'सीमाभांडण' मात्र मी अजून कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. का? मला वाटतं भांडण म्हटलं की दोन्ही बाजू सारख्याच तोलाच्या चुकीच्या ठरतात. आणि इथे कुणीही, मराठी असो की कन्नड, स्वतःला भांडखोर समजत नाही. दोघांची तक्रार आहे. त्या जुन्या अर्थाने हे शुद्ध क्वॉरल आहे.

---

करदंट

कन्नड पेपरमध्ये 'गडी विवाद'. गडि म्हणजे सीमा.

---

तंबाखूचं_पान

आणि मराठीत गडी म्हंजे कामावरचा माणूस. लहानपणी एसटी स्टँडवर कन्नड बोर्ड वाचून मला वाटायचं, मालकानं गड्याचा पगार बुडवला असंल, म्हणून एवढी मोठी बातमी.

---

शेवंता_अक्का (टिळकवाडी)

सगळं वाचलं. भांडण कशावरून आलं ते कुणी सांगितलं नाही. माझी सासू म्हणायची भांड्यावरून. चार भांडी एकत्र आली की वाजणारच.

---

जुनं_दफ्तर

अक्का, सासूबाईंचं म्हणणं संसाराला बरोबर, व्युत्पत्तीला नाही. संस्कृत कोशात 'भण्डन' असा शब्द आहे, युद्ध हा त्याचा एक अर्थ दिलेला आहे. भांड्याचा शब्द 'भाण्ड', वेगळा. पण म्हण अशी जुळलीय की लोक मूळ विचारतच नाहीत.

---

शेवंता_अक्का

मग आपलं उलटं झालं की. इंग्रजांचं गाऱ्हाण्याचं भांडण झालं, आपलं युद्धाचं घसरून नळावरचं भांडण झालं.

---

घाटमाथा

अक्कांनी माझ्या सिद्धांताला दुसऱ्यांदा छाटलं. बेदाणासाहेब, कात्री कुणाला दिलीत?

बरं, एक शेवटचं राहिलंय, तेच परीक्षेत विचारतात. 'पिक अ क्वॉरल'. पोरं लिहितात 'भांडण उचलणे'. पिक म्हणजे इथे निवडून काढणं, आणि क्वॉरल म्हणजे भांडायला कारण. जुना अर्थ या एका वाक्प्रचारात टिकलाय. भांडायचं आधी ठरलेलं आहे, कारण नंतर शोधायचं. मी 'कुरापत काढणे' असं सांगतो. कुणाला याहून चांगलं सुचतंय?

---

तंबाखूचं_पान

खाजवून खरूज काढणे. आमच्याकडं हेच चालतं.

---

वकिलीणबाई

कुरापतच ठेवा सर. खरूज लिहिलं तर तपासणारा मार्क कापेल.

---

करदंट

कन्नडमध्ये 'काल केरेदु जगळक्के बरोदु' म्हणतात. पायाने माती उकरत भांडायला येणे. बैल येतो ना, तसा.

---

घाटमाथा

वा अण्णा. हे सोमवारी फळ्यावर लिहितो. आमच्या वर्गात निम्म्या पोरांना ते न सांगता कळेल.